क्रिंप की डाख? हलत्या देखाव्याचं वायरिंग पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आरती सुरू झाली आणि आमच्या हत्तीचा डावा कान विझला. कान हलत होता, फक्त त्याच्या कडेची एलईडी पट्टी गेली होती. इंदूरला राजेंद्रनगरात आमच्या कॉलनीच्या गणपतीचा तो देखावा. वायरिंग माझं, आणि त्या वर्षी मला सगळ्यात जास्त मिरवायचं होतं ते प्रत्येक जोडाला दिलेला डाख, म्हणजे सोल्डर. चकचकीत, गोलसर, वर स्लीव्ह (प्लास्टिकची नळी) चढवलेली. प्रसाद वाटून झाल्यावर स्लीव्ह कापून पाहिली, तर डाख जसाच्या तसा. तार तुटली होती ती डाख जिथे संपतो बरोबर तिथे, सुरीने कापावी तशी.

शेजारचे काका चष्मा वर करून बघत होते. त्यांची उमेदीची वर्षं कापड मिलच्या इलेक्ट्रिक खात्यात गेली, आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्यांचं, म्हणजे चित्ररथांचं, वायरिंगही त्यांनी पुष्कळ केलं. हुकुमचंद मिल 1991 ला बंद पडली, तरी मिलांच्या झांक्या शहरात अजून निघतात. ट्रॉल्यावरचा देखावा रात्रभर खड्डे खात फिरतो. काका म्हणाले, "अगं, डाख दिलास की तार तेवढ्यापुरती सळई होते. मग वाकायचं कुणी? काठावरच्या तारेने. ती किती दिवस वाकणार?"

हिशेब मी नंतर केला. कान वायपरच्या मोटरवर हलतो. मिनिटाला चाळीस हेलकावे धरले तरी रोजच्या पाच तासांत बारा हजार होतात. तीन दिवसांत छत्तीस हजार.

तेव्हापासून तीन-चार गणपती गेले आणि प्रत्येक वर्षी मी एक नवी चूक केली. पहिल्यांदाच हे काम हातात घेणाऱ्यांनी त्याच चुका परत करू नयेत म्हणून हे लिहिते आहे. प्रश्न एकच: कुठल्या जोडाला डाख द्यायचा आणि कुठला क्रिंप करायचा, म्हणजे तारेवर धातूची नळी हत्याराने दाबून बसवायची? सगळं 12 व्होल्टच्या बाजूचं आहे. मीटरपासून एसएमपीएसपर्यंतचं (230 चे 12 व्होल्ट करून देणारा डबा) 230 व्होल्टचं काम परवाना असलेल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, तात्पुरतं कनेक्शन रीतसर घ्या आणि बोर्डात 30 मिलीअँपियरची आरसीसीबी (वीज गळली की सप्लाय तोडणारा स्विच) बसवून घ्या. पावसाळ्यात, ओल्या मंडपात, लहान पोरांच्या गर्दीत तिथे प्रयोग करायचे नसतात.

1. आधी कागद घ्या, सोल्डरिंग आयर्न नाही

देखाव्याचं कच्चं चित्र काढा आणि जिथे जिथे दोन तारा भेटणार तिथे टिंब द्या. प्रत्येक टिंबापाशी एक अक्षर लिहा. जोड हलणार असेल तर "ह". स्क्रूखाली जाणार असेल तर "स". एलईडी पट्टीच्या किंवा सर्किटच्या तांब्यावर बसणार असेल तर "प". बोटाएवढ्या जाड तारेचा असेल तर "जा". यातलं काहीच नसेल तर नुसतं टिंब राहू द्या.

"ह" ला क्रिंप. पण त्याहून बरं म्हणजे तिथला जोडच काढून टाकणं. बिजागरीवरून अखंड तार सैल वळसा देऊन न्या आणि जोड वीतभर लांब, न हलणाऱ्या फ्रेमवर घ्या. आमच्या हत्तीचा उजवा कान त्याच वर्षीच्या डाखावर आजही चालतो, कारण तिथली तार योगायोगाने लांब पडली आणि जोड लाकडी चौकटीवर आला.

"स" ला क्रिंप, म्हणजे थिंबल (तारेच्या टोकावर दाबायची धातूची नळी, पुढे कडी किंवा काटा असलेली) किंवा फेरूल (तंतू एकत्र धरणारी नुसती बारीक नळी). इथे डाख चालतच नाही, कारण पुढे येतंय.

"प" ला डाख. पट्टीला क्लिप लावायची प्लास्टिकची कनेक्टरं मिळतात, ती घरच्या शोकेसमध्ये ठीक. ढोल-ताशाच्या हादऱ्यात ढिली होतात.

"जा" ला क्रिंप, पण घरच्या हत्याराने नाही.

नुसत्या टिंबांना क्रिंप किंवा डाख, काहीही चालेल. डाख वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. नासाच्या कारागिरीच्या मानकांमध्ये क्रिंप आणि डाख दोन्हींचे नियम आहेत. फरक एवढाच की क्रिंपचं कौशल्य बरंचसं हत्यारात असतं आणि डाखाचं हातात. मंडपात रात्री दोन वाजता पाच पोरं कामाला असतात, पाचांचे हात सारखे नसतात, हत्यार मात्र एकच असतं. म्हणून मंडळाच्या कामात माझं पारडं क्रिंपकडे झुकतं.

2. सामान

महाराणी रोडवर इलेक्ट्रिकचं सगळं मिळतं, हत्यारांसाठी सियागंजातही फिरा. दुकानदार पहिला प्रश्न विचारेल, "भिया, थिंबल कौन से साइज का?" तेव्हा तारेचा स्क्वेअर एमएम, म्हणजे तांब्याच्या छेदाचं क्षेत्रफळ, सांगता आला पाहिजे, नाहीतर तो देईल ते घेऊन याल.

- रॅचेट असलेला क्रिंपिंग टूल. पूर्ण दाबल्याशिवाय उघडत नाही तो. हा एकट्याला जड वाटला तर दोन मंडळांत मिळून घ्या.
- फेरूलचा वेगळा क्रिंपर आणि मिश्र फेरूलांची डबी.
- स्लीव्हवाली थिंबलं. लाल 0.5 ते 1.5, निळी 1.5 ते 2.5 आणि पिवळी 4 ते 6 स्क्वेअर एमएमच्या तारेला. रिंग आणि फोर्क दोन्ही प्रकार घ्या, शिवाय समोरासमोर दोन तारा जोडायची बट कनेक्टरं.
- वायर स्ट्रिपर. ब्लेडने किंवा दाताने सोललेल्या तारेचे दोन-चार बारीक तंतू हमखास कापले जातात.
- 25 वॅटचा आयर्न पट्टीसाठी, 60 वॅटचा तारांसाठी. स्टँड, ओला स्पंज.
- आत राळ असलेली 60/40 सोल्डर वायर (60 टक्के कथिल, 40 टक्के शिसं).
- हीट श्रिंक स्लीव्ह, तापवल्यावर आकसणारी. मंडपाबाहेरच्या जोडांना आतून गोंद असलेली.
- मल्टिमीटर, केबल टाय, मार्कर.

तार घेताना एक फसवणूक सांभाळा. सजावटीसाठी म्हणून स्वस्तात मिळणारी बरीचशी तार आतून अॅल्युमिनियमची असते, वर तांब्याचा मुलामा. टोक ब्लेडने खरवडा: आत पांढरं दिसलं तर परत ठेवा. ती वाकवल्यावर लवकर तुटते, तेवढाच भार घेऊन जास्त तापते, आणि मुलामा खरवडला गेला की साधा डाख तिला धरत नाही.

3. क्रिंप करताना

क्रिंप म्हणजे तार चिमटीत पकडणं असं मला वाटायचं, म्हणून दुसऱ्या वर्षी मी सगळी थिंबलं पक्कडीने दाबली. ओढून पाहिली, निघाली नाहीत, खूश झाले. पाचव्या दिवशी मुख्य 12 व्होल्टच्या तारेचं थिंबल तपकिरी पडलं आणि प्लास्टिक जळल्याचा वास अगरबत्तीच्या वर येऊ लागला.

खरा क्रिंप तारेचे तंतू आणि नळीचा धातू इतका आवळतो की ते एकमेकांत रुतून बसतात, मधे हवाही शिरत नाही. हवा नाही म्हणून तांबं काळं पडत नाही, म्हणून जोड वर्षानुवर्षं तसाच राहतो. पक्कड नळी चपटी करते, पण आत पोकळी राहते. तिथे हवा जाते, तांबं काळं पडतं, रोध वाढतो, जोड तापतो, आणि तापला की आणखी काळा पडतो. किती तापतो ते बघा. 20 अँपियर चालू आहेत आणि जोडाचा रोध फक्त 0.05 ओहम झाला आहे. 20 गुणिले 20 गुणिले 0.05, म्हणजे 20 वॅट. नखाएवढ्या जागेत तुम्ही जवळजवळ एक सोल्डरिंग आयर्न चालू करून पडद्यामागे ठेवून दिला आहे. वर 12 मधला एक व्होल्ट तिथेच खर्च होतो, म्हणून पुढचे दिवे मंद. दिवे मंद दिसले की लोक एसएमपीएसला दोष देतात. आधी जोडाला हात लावून बघा, अर्थात स्विच बंद करून.

आता कृती. नळीच्या लांबीएवढीच तार सोला, फार तर एक मिलिमीटर जास्त. तंतू हलक्या हाताने सारखे करा, दोरी वळल्यासारखे पिळू नका. सगळे तंतू नळीत गेले का ते बघा. एखादा बाहेर राहिला तर तो शेजारच्या स्क्रूला जाऊन भेटेल. थिंबलचा रंग आणि टूलवरचा रंगीत ठिपका जुळवा. टूल स्वतःहून उघडेपर्यंत दाबा. दाबलेली जागा धातूच्या नळीवर हवी, आवरणावर नाही. नळीच्या पुढच्या तोंडातून तंतूंची टोकं जेमतेम डोकावलेली दिसली पाहिजेत. मग एका हातात थिंबल, दुसऱ्यात तार, आणि सरळ जोराने ओढा. वाईट वाटून घेऊ नका: इथे निघालं तर बरंच झालं.

तीन गोष्टी टाळा. बारीक तार मोठ्या थिंबलात बसावी म्हणून ती दुमडून भरू नका, योग्य मापाचं थिंबल आणा. मोटरच्या वाइंडिंगची तार तांब्यासारखी चमकते पण तिच्यावर इनॅमल असतं. ते नीट खरवडल्याशिवाय क्रिंपही बेकार आणि डाखही. आणि क्रिंप करायच्या आधी तारेला डाख लावून ती "मजबूत" करू नका. डाख मऊ असतो, दाबाखाली हळूहळू सरकतो आणि क्रिंप ढिला पडतो.

क्रिंप झाल्यावर वरून डाख टाकायचा का, हे प्रत्येक मंडळात कुणीतरी विचारतं. क्रिंप चांगला असेल तर त्याची गरज नाही. वाईट असेल तर कापून नवा करा. वरून टाकलेला डाख तारेत आत ओढला जातो आणि आपण परत हत्तीच्या कानापाशी येतो.

4. डाख देताना

आजीच्या दारात कल्हईवाला बसायचा ते ज्यांनी पाहिलंय त्यांना डाख शिकवावा लागत नाही. तो आधी भांडं तापवायचा, नवसागर टाकून धूर काढायचा, आणि मगच कथिलाचा तुकडा टेकवायचा; कथिल आपोआप पसरायचं. इथेही तेच: तांबं स्वच्छ हवं, तापलेलं तांबं हवं, आणि डाख त्या तांब्यावर वितळायला हवा, आयर्नच्या टोकावर नाही. फक्त नवसागर किंवा नळकामाची आम्लाची पेस्ट तारेला लावू नका. ती तांबं खात राहते. सोल्डर वायरच्या आतली राळ पुरते.

60/40 डाख 183 अंशांना मऊ व्हायला लागतो आणि 190 च्या आसपास पूर्ण वितळतो. शिशाशिवायचा घ्याल तर तो 217 च्या पुढे वितळतो आणि नवख्या हाताला थोडा हट्टी वाटतो.

सगळ्यात आधी स्लीव्ह तारेवर चढवा आणि लांब सरकवून ठेवा. मी हे अजून विसरते. मग दोन्ही तारा एकमेकींवर आवळून गुंडाळा, जोड डाखाशिवायच घट्ट बसला पाहिजे. टोकाला किंचित डाख लावलेला आयर्न खालून टेकवा, वरून सोल्डर वायर लावा. ती तारेवर वितळून तंतूंत शिरली की आधी वायर काढा, मग आयर्न. घट्ट होईपर्यंत श्वासही लांबून घ्या. थंड होताना हललेला जोड खरखरीत, मळकट दिसतो आणि आतून तडकलेला असतो. तो परत तापवा. डाख आवरणापर्यंत पोचू देऊ नका, दोन-तीन मिलिमीटर तांबं कोरडं राहू द्या. शेवटी स्लीव्ह आवरणावर दोन्हीकडे सेंटिमीटरभर चढवून आकसवा, आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना तार फ्रेमला टायने बांधा. हा टाय डाखाइतकाच महत्त्वाचा. जोड हललाच नाही तर तुटेल कुठून?

एलईडी पट्टीवर 25 वॅटचाच आयर्न वापरा, दोन-तीन सेकंदांच्या वर टेकवू नका, नाहीतर तांब्याचा ठिपका पट्टीवरून उखडून येतो आणि तीन एलईडींचा तुकडा फुकट जातो. पट्टी कापायची ती खुणेवरच. जोडाजवळची तार गरम गोंदाच्या थेंबाने चिकटवा.

काम झालं की हात साबणाने धुवा आणि मगच मोदकाला लावा. शिसं धुरातून नाही, बोटांवरून पोटात जातं. धूर राळेचा असतो. तोही छातीत घ्यायचा नसतो, म्हणून पंखा बाजूने लावा.

लिथियमच्या सेलवर थेट डाख देऊ नका. आत उष्णता गेली की सेल खराब होतो, कधी पेटतोही. सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या स्पॉट वेल्डिंगने लावतात, ते काम करणाऱ्याकडे द्या.

5. स्क्रूखाली जाणारी टोकं

तिसऱ्या वर्षी मी एसएमपीएसच्या स्क्रूखाली जाणारी टोकं डाखात बुडवून घेतली होती, कारण तंतू विस्कटत नाहीत आणि दिसायला सुंदर. आवळली होती दम लावून. चौथ्या दिवशी तोच स्क्रू बोटाने फिरला. कुणी सैल केला नव्हता. दाबाखालचा डाख तेवढ्या दिवसांत चेपला गेला होता. घरगुती उपकरणांच्या सुरक्षेचं आयईसी 60335 हे मानकही स्क्रूच्या दाबाखाली जाणाऱ्या तंतूंच्या तारेला डाखाने घट्ट करू नका असंच सांगतं, ढिलं पडणार नाही अशी सोय असेल तरच सूट.

एसएमपीएसला फोर्क किंवा रिंग थिंबल, एमसीबीला किंवा चौकोनी भोकाच्या टर्मिनलला फेरूल. दोन तारा एकाच भोकात जाणार असतील तर जोड-फेरूल मिळतं, तेच घ्या. स्थापनेच्या दुसऱ्या दिवशी सप्लाय बंद करून सगळे स्क्रू एकदा परत आवळा.

6. बॅटरी आणि जाड तारा

विसर्जनाच्या ट्रॉल्यावर इन्व्हर्टर असतो. 600 वॅटचा भार 12 व्होल्टच्या बॅटरीवरून ओढला तर 50 अँपियरच्या वर जातात, आणि तिथे 5 मिलीओहमचा जोडही 12 वॅटचा चटका देतो. एवढ्या जाड तारांची थिंबलं हायड्रॉलिक टूलने दाबायची असतात. तार मोजून घ्या, दुकानात घेऊन जा, षटकोनी डायमध्ये दाबून आणा. हातोडीने ठोकलेलं थिंबल मी स्वीकारत नाही, मग ते कुणीही ठोकलेलं असो. तांब्याच्या तारेला तांब्याचं थिंबल. अॅल्युमिनियमच्या केबलला अॅल्युमिनियमचं, आणि दोन धातू भेटणारच असतील तर त्यासाठीचं बायमेटल थिंबल. नाहीतर पावसाळी ओलीत तो जोड पांढऱ्या भुकटीने भरतो.

7. तपासणी

मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर "टीं" वाजलं म्हणजे जोड चांगला, हा गैरसमज सोडा. तो मीटर मिलीओहम दाखवत नाही. त्याऐवजी सगळे दिवे चालू ठेवा, मीटर डीसी 200 मिलीव्होल्टवर लावा आणि दोन टोकं जोडाच्या अलीकडे-पलीकडे टेकवा. मग तेवढ्याच लांबीच्या बिनजोडाच्या तारेवर टेकवून तुलना करा. 2.5 स्क्वेअर एमएमच्या तारेतून 10 अँपियर जात असतील तर दहा सेंटिमीटरवर साधारण 8 मिलीव्होल्ट दिसतात. जोड मधे धरून 10-12 दिसले तर झोपायला जा. 80 दिसले तर जोड कापा, तो दिसायला कितीही देखणा असो. टोकं टेकवण्यापुरती जागा उघडी हवी, म्हणून ही तपासणी स्लीव्ह आकसवण्याआधी करा. 12 व्होल्टवर ती निर्धास्त होते, 230 वर करायची नाही.

काळ्या टेपवर विसंबू नका. उन्हात तिचा गोंद पाघळतो, पावसात ती सुटते, आणि आतली नुसती पिळलेली तार उघडी पडते.

8. विसर्जनानंतर

सामान गुंडाळताना थिंबलं तारेलाच राहू द्या आणि प्रत्येक तारेवर कागदाची चिठ्ठी चिकटवा: "डावा कान", "मोटर", "मागचं चक्र". एकदा दाबलेलं थिंबल उघडून परत वापरता येत नाही. पुढच्या वर्षी काळं पडलेलं दिसलं तर ते कापून नवं दाबावं लागतं, आणि दरवेळी तार दोन बोटं आखूड होते. म्हणून पहिल्याच वर्षी प्रत्येक जोडापाशी वीतभर तार जास्तीची ठेवून तिचं वेटोळं टायने बांधा.